नामकरण आणि संकल्प

बारशाच्या दिवशी ताटात पसरलेल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने अक्षरे रेखली जातात आणि आत्या पाळण्यात वाकून तेच नाव बाळाच्या कानात सांगते. त्या वेळी जे घडते ती केवळ व्यवहाराची सोय असते, की त्या नावाच्या अर्थाचा काही अंश त्या जीवाच्या वाट्याला खरोखरच येतो, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे आणि त्याचा आरंभ घोषवर्णाने व्हावा, असे पारस्कर गृह्यसूत्र सांगते. मनुस्मृती मात्र ब्राह्मणाला मंगलवाचक, क्षत्रियाला बलवाचक, वैश्याला धनवाचक आणि शूद्राला जुगुप्सावाचक नाव नेमून देते. जे नाव आशीर्वाद व्हावयाचे, तेच अशा रीतीने हीनतेची सनद ठरते.

आता जुन्या दप्तरांत ‘अमक्याचा मुलगा’ या अर्थाच्या ‘वल्द’ आणि ‘बिन’ या शब्दांच्या अलीकडे-पलीकडे आढळणारी धोंडू, दगडू, केरू, भिकाजी ही नावे पाहावीत. त्यांचाही अर्थ वरकरणी हीनच. परंतु आधीची मुले दगावलेल्या मातेने, निदान या लेकरावर तरी काळाची दृष्ट पडू नये म्हणून, ती पुष्कळदा नवसासायासाने ठेवलेली असत. एकाच अर्थाचे नाव एका ठिकाणी तिरस्कारातून येते आणि दुसऱ्या ठिकाणी पराकाष्ठेच्या वात्सल्यातून. तेव्हा नावाचे खरे मर्म धातूत नसून देणाऱ्याच्या अंतःकरणात आहे, असेच म्हणावे लागते. धोंडो हे नाव धारण करणाऱ्या महर्षी कर्व्यांनी 1916 साली स्त्रियांसाठी विद्यापीठ उभारले; नावाने त्यांचे काहीही अडले नाही.

मग नावाच्या अर्थाला किंमतच नाही काय? आहे, परंतु ती भविष्यकथनाची नसून संकल्पाची आहे. संन्यासातून गृहस्थाश्रमात परतल्यामुळे वाळीत पडलेल्या विठ्ठलपंतांच्या घरी निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही नावे ठेवली गेली. ज्या मुलांना मुंजीचा अधिकारही नाकारला गेला, त्यांच्या नावांच्या ओळीत विरक्तीपासून मोक्षापर्यंतचा सारा साधनामार्ग उभा राहिला. समाजाने ठरविलेल्या पायरीला यापेक्षा निर्भय उत्तर कोणते असू शकेल?

म्हणून नावाचे बंधन मुलावर नसते, ते नाव ठेवणाऱ्यांवर असते. मुक्ता म्हणून हाक मारावयाची आणि तिला मोकळेपणाने वाढू द्यावयाचे नाही, हा त्या संस्काराचा भंग होय. कानात सांगितलेला अर्थ तिच्या आयुष्यात उतरावा यासाठी झटणे, हाच नामकरणाचा खरा धर्म आहे.