संकल्प कोणाचा, सिद्धी कोणाची?

श्रीरामपूरच्या आमच्या ऊसपट्ट्यात कीर्तन आटोपल्यावर एक शंका पुष्कळदा निघते. सारे पांडुरंगाच्या हाती आहे, मग माणसाने दहा-वीस वर्षांचे ध्येय ठरवावे कशाला? तो अहंकारच नव्हे काय?

शंका खरी आहे. पण तिच्या आडोशाला आळसही बसतो. आडसाली ऊस लावला की आम्ही दीड वर्ष वाट पाहतो, वेळच्या वेळी पाणी देतो. तेथे कोणी म्हणत नाही, की देव देईल तर उगवेल! मुलीचे शिक्षण पुरे करावे, दारू कायमची सोडावी, कर्जातून मोकळे व्हावे, हे संकल्प निघाले म्हणजे मात्र आम्हांला एकदम देव आठवतो.

संतांनी संकल्पाला कधी भिऊन घेतले नाही. येथून जवळच, प्रवरेकाठी नेवासे येथे, शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वर माउलींनी गीतेवरील टीका पुरी केली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. सुमारे नऊ हजार ओव्या! एका बैठकीचे का हे काम? पुढे नकला होता होता पाठ बिघडत गेले. तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६ त, पैठणच्या नाथमहाराजांनी ग्रंथ शुद्ध केला. माउलींचे काम नाथांनी आपले मानले.

विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली आणि १९२० साली ते वैकुंठवासी झाले. संस्थेची अवघी तीन वर्षे त्यांच्या दृष्टीस पडली. मग त्यांचे ध्येय साधले की राहिले? शंभर वर्षे उलटली, तेथे मुले अजून शिकत आहेत. हेच उत्तर पुरे.

यावरून आम्हांला एक कसोटी सुचते. आपले ध्येय उद्या दुसऱ्याच्या हातून पुरे झाले, तर आपल्याला आनंद होईल काय? होत असेल, तर तो संकल्प निर्मळ समजावा. मनाला चटका बसत असेल, तर आपल्याला काम नको होते, नाव हवे होते. गोदावरीतील सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या परंपरेचा सप्ताह आपण पाहतोच. सप्ताहात वीणा खाली ठेवीत नाहीत. एकाचा पहारा संपला की दुसरा ती गळ्यात घेतो. नाम अखंड राहते. माझ्याच हातात वीणा राहावी, असे कोणी म्हटले तर सप्ताह मोडेल.

मग आपल्याकडे काय उरले? नेम उरला. ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून निघालेली पालखी आषाढ शुद्ध दशमीस पंढरीत पोचते, ती मुक्काम करीत करीत. वारकरी सकाळी उठून पंढरी किती दूर हे मोजीत बसत नाही. आजचा मुक्काम गाठतो. दारू सोडणाऱ्याने आजचा दिवस राखावा. कर्ज फेडणाऱ्याने या हंगामाचा हप्ता आधी बाजूला काढावा. एखाद्या साली वारी चुकली म्हणून कोणी माळ उतरवीत नाही, पुढल्या साली निघतो. तद्वत नेम मोडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धरावा; रडत बसू नये.

संकल्प करणे आणि आजची वाट चालणे आपल्याकडे आहे. सिद्धीला केव्हा न्यावे आणि कोणाच्या हाताने न्यावे, हे त्या विटेवरच्या धन्यावर सोपवावे.