शिवनेरीचा कडा तुमची नर्सरी नव्हे

बसा खाली, आणि मोबाइल आधी खिशात घाला. तो फोटो मी पाहिला आहे. कुंडीत काळी माती, वर शोभेचे पांढरे खडे आणि मधोमध मुळासकट उपटून आणलेली शिंदळ माकुडी. खाली तुमची ओळ: ‘शिवनेरीचा रेअर कॅक्टस, आता आपल्या कलेक्शनमध्ये.’ जुन्नर-आंबेगावात वाढलेल्या, शाळेत वनस्पतिशास्त्र शिकलेल्या पोरांनी हे लिहावं?

पहिलं म्हणजे ती कॅक्टस नाही. बांधावरच्या रुईच्या कुळातली आहे. १८६०च्या दशकात डॅल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने जुन्नरच्या डोंगरातल्या या झाडाचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि मुंबई इलाख्याचा तेव्हाचा गव्हर्नर बार्टल फ्रेअर याच्यावरून त्याला फ्रेरिया इंडिका असं नाव दिलं. पुढे अभ्यासकांनी त्याची प्रजाती बदलली, आता बऱ्याच ग्रंथांत ते बूसेरोसिया म्हणून सापडेल. नावाचा वाद त्यांचा त्यांना लखलाभ. तुम्हाला ठाऊक असायला हवं ते एवढंच की हे झाड जगात फक्त महाराष्ट्रात रानटी वाढतं. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड, महाबळेश्वरचा परिसर अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांच्या भेगांत. त्याच्या नात्यातल्या माकडशिंगीला नाव घेण्यासारखी पानं नसतात, हिला मात्र पावसाळ्यात चांगली भरदार पानं येतात. पाऊस सरला की ती झडतात आणि उन्हाळाभर नुसतं मांसल खोड खडकाला चिकटून राहतं. फूल तांबडं-किरमिजी, पाच पाकळ्यांचं, त्यावर पिवळे डाग, आणि परागीकरणाला येतात त्या माश्या. जगभरचे शौकीन ज्या झाडासाठी जीव टाकतात ते तुमच्या दाराशी आहे, आणि तुम्ही त्याला खुरप्याने उचकटलंत.

‘सर, तिथे शेळ्या खातातच की. दरडही कोसळते. आम्ही तर वाचवली.’ हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर बोलू नका. शेळी शेंडा खाते, भेगेत राहिलेल्या बुडाला पुढच्या पावसात फुटवा येऊ शकतो. तुम्ही भेगच रिकामी केलीत. शिवाय माश्यांनी पराग न्यायचे म्हणजे जवळपास दुसरं फुललेलं झाड हवं. रुईसारख्या म्हाताऱ्या उडून बी पडायचं ते दुसऱ्या भेगेत पडायला हवं. कड्यावरची झाडं एकेक करून कमी होत गेली की उरलेली फुलतात, पण फळ धरत नाहीत. आणि तुम्ही छाती फुगवून सांगता की आम्ही फांद्या लावून शंभर रोपं करू. करा! फांदी पटकन मुळं धरते, त्यात मर्दुमकी कसली? एका झाडाच्या फांद्यांची शंभर रोपं म्हणजे एकच झाड शंभर कुंड्यांत. याला संवर्धन म्हणत नाहीत.

आता तुमच्या खऱ्या कॅक्टसांकडे वळू. रात्री जागून मागवलेल्या त्या मेक्सिकोच्या एरिओकार्पसकडे. आलं तेव्हा बूड खरखरीत, बुचासारखं झालेलं, जाड सोटमूळ मध्येच तुटलेलं, अंगावर जुने ओरखडे. बियांपासून वाढवलेलं रोप असं दिसत नाही. ते गुळगुळीत, एकसारखं असतं. एरिओकार्पसला मुठीएवढं व्हायला कित्येक वर्षं जातात, म्हणून चोर बी पेरत बसत नाहीत, वाळवंटात जाऊन खणतात. २०१५ साली जगातल्या सुमारे दीड हजार कॅक्टस जातींची पाहणी प्रसिद्ध झाली, तीत ३१ टक्के जाती धोक्यात निघाल्या. २०२० मध्ये इटलीत एका संग्राहकाकडे चिलीच्या वाळवंटातून चोरलेली हजारावर झाडं सापडली आणि त्यातली शेकडो पुढे विमानाने चिलीला परत पाठवावी लागली. रानटी जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स करारात जवळजवळ अख्खं कॅक्टस कुळ नियंत्रित यादीत आहे आणि एरिओकार्पस तर सर्वांत कडक यादीत. भारत १९७६ पासून त्या करारात आहे. झाड कुठून आलं, बीचं की रानातलं, परदेशातून आलं असेल तर परवाना कुठे आहे, हे विक्रेत्याला विचारलंत? नाही. विचारलंत ते ‘डिलिव्हरी फ्री का?’

आणि आणून केलंत काय? मारलंत. गच्चीवरच्या त्या रिकाम्या कुंड्या मी मोजल्या नाहीत, पण झाकून ठेवलेल्या मला दिसल्या.

दोष पावसाला देता. मेक्सिकोतल्या चिहुआहुआच्या वाळवंटातही पाऊस मुख्यतः उन्हाळ्यातच पडतो, म्हणजे जून ते सप्टेंबर हा तिथल्या कॅक्टसचाही वाढीचा काळ. मरतात ती आपल्याकडच्या झडीने. आठ-आठ दिवस सूर्य नाही, हवा ओली, कुंडी ओली, बूड मऊ पडून तपकिरी होतं आणि तुम्हाला कळतं तेव्हा आत सगळी कूज झालेली असते. म्हणून जूनच्या आधी वर प्लास्टिकचं छप्पर हवं, बाजू मोकळ्या, वारा खेळता. पाणी द्यायचं ते उघडीप पडली की, तेही कुंडी आतपर्यंत कोरडी झाल्यावर. चिलीच्या कोपियापोआचं गणितच निराळं, ते समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर जगतं आणि थंडीत वाढतं. दोघांना एकाच दिवशी एकाच झारीने पाणी घालता? धो-धो पावसातल्या आहुप्याचं भात लोणी-धामणीच्या कोरड्या माळावर लावतं का कुणी? एका आंबेगाव तालुक्यात तुम्हाला हे कळतं, मग दोन खंडांतली झाडं एका तागडीत कशी घालता?

मातीचंही तेच. शेणखत आणि कोकोपीट घालून वांगी लावायची आहेत का? चाळलेला मुरूम, जाड वाळू, विटेचा चुरा, थोडा कोळसा, आणि माती नावाला. आपल्याकडे मुरमाला तोटा नाही, तरी तुम्ही पिशवीबंद ‘कॅक्टस मिक्स’ विकत घेता! ऑक्टोबरचं ऊन चांगलं, पण झडीतून काढलेलं झाड थेट त्यात ठेवलंत तर भाजतं, आधी शेडनेटखाली सवय लावायची. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा पडतो तेव्हा मेक्सिकोवाल्यांचं पाणी जवळजवळ बंद. कुंडी बदलायची ती थंडी ओसरल्यावर, आणि बदलल्यावर आठवडाभर पाणी नाही, म्हणजे तुटलेली मुळं सुकून भरतात. एप्रिल-मेच्या दुपारी पुन्हा सावली. पिठ्या ढेकूण मुळांतही लपतो, हे द्राक्षबाग असलेल्या घरच्या पोरांना मी सांगायला हवं का? बापाला विचारा.

रंग फासलेले आणि वर कागदी फूल चिकटवलेले ते कॅक्टस, त्यांच्याबद्दल मी बोलणारही नाही.

कॅक्टस पाळूच नका असं मी म्हणत नाही. बी आणा, पेरा, पाच-सात वर्षं वाट पाहा. अ‍ॅस्ट्रोफायटमचं बी सहज उगवतं, त्यावर हात बसवा. दुसऱ्या शौकिनाकडून बीची रोपं अदलाबदलीने घ्या. प्रत्येक कुंडीवर नाव, बी कुणाकडून, पेरल्याची तारीख लिहा. ज्या झाडाचा उगम लिहिता येत नाही ते घरात येता कामा नये. माकुडी पाहायची असेल तर पावसाळ्यात गडावर चढा, लांबून बघा, फोटो काढा आणि जागा सांगू नका. ठिकाण लिहिलेला फोटो म्हणजे चोराला दिलेला पत्ता, आणि तुम्ही तो तीन ग्रुपवर टाकून मोकळे झालात.

तो फोटो आत्ता, माझ्यासमोर, तिन्ही ग्रुपवरून काढा. खुलासा लिहीत बसू नका. उद्या सकाळी कुंडी घेऊन जुन्नरच्या वन विभागाच्या कार्यालयात जा आणि कुठल्या खडकावरून, कुठल्या बाजूने काढली ते खरंखरं सांगा. स्वतः जाऊन भेगेत कोंबायची नाही, तुमच्या कुंडीतली कीड कड्यावर जाईल. ते रागावतील, रागावू द्या. रीतसर कारवाई केली तर तीही सोसा. कुंडी परत मिळणार नाही.