अळीचा वाटा

फुलपाखरू आवडत नाही असा माणूस मिळणे कठीण, आणि अळी आवडते असा मिळणे त्याहून कठीण. निसर्गाने मात्र ही दोन्ही एकाच जन्मात बांधून ठेवली आहेत. मसुऱ्यासारख्या गावात चिरेबंदी घरामागच्या परड्यात लिंबाचे एखादे झाड असतेच. महाराष्ट्राने २०१५ साली जिला राज्य फुलपाखराचा मान दिला, ती काळ्या-निळ्या पंखांची राणी पाकोळी अंडी घालते ती लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर. तिची काही भावंडे कढीलिंबही सोडत नाहीत. पान कुरतडलेले दिसले की आपण औषध फवारतो, आणि परड्यात पाकोळ्या येईनाशा झाल्या म्हणून पुढे हळहळतोही आपणच!

तेव्हा हा प्रश्न बागकामाचा नाही, वाट्याचा आहे. कुंपणाच्या आत उगवते ते सगळे आपलेच काय?

ज्याचे वर्षाचे पोट हापूसच्या मोहोरावर आहे, त्याला तुडतुड्यांवर दया करायला सांगणे हा भरल्या पोटाचा उपदेश होईल. परंतु परडे म्हणजे बागायत नव्हे. चार पाने गेली म्हणून तेथे कोणाची चूल विझत नाही. शिवाय विष अळीपाशी थांबत नाही. शिंपी पक्षी आपल्या पिलांना अळ्या-किडेच भरवतो. आपण अळी मारली की त्याचे ताट ओढले. आणि माणूस तरी कुठे सुटतो? केरळातील कासरगोडला काजूच्या बागांवर आकाशातून एन्डोसल्फान फवारले जाई; त्याखाली राहणाऱ्यांनी त्याचे भोग भोगले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर देशभर बंदी घातली.

आपल्या पूर्वजांनी पंचमहायज्ञांत भूतयज्ञ सांगितला. प्राणिमात्रांसाठी काढायचा तो घास दान नव्हता. दान आपल्यातले द्यायचे असते. वाटा मुळातच दुसऱ्याचा असतो. रोप अगदी कोवळे असेल तर अळी हलकेच उचलून मोठ्या झाडावर ठेवावी. एवढ्याने दोघांचेही भागते.

नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपुढे आपण कारीट फोडतो. ते कोणी पेरलेले नसते. कुंपणाच्या दुर्लक्षित कडेला त्याचा वेल आपसूक चढतो. ज्याने परड्यातले सगळे रान निपटून काढले, त्याला कारीटही बाजारातून विकत आणावे लागते. परड्याचा एक कोपरा आपला नाही असे मानले, तर सणाचे कारीट आणि पाकोळी दोन्ही तेथूनच घरी येतील.