पाळणे या क्रियापदाविषयी

नरोलीसारख्या गावात राहणाऱ्या माणसाच्या जिभेवर एकाच वेळी तीन-चार भाषा नांदतात. घरात मराठी, दुकानात गुजराती, कारखान्याच्या फाटकावर हिंदी आणि पाड्यावर वारली. आमच्या घरात या चारही भाषा सारख्याच समजणारा एकच जीव आहे, तो म्हणजे आमचा कुत्रा. कोणत्याही भाषेत रागावले तरी तो शेपटीच हलवतो. त्याच्याविषयी दिवाळी अंकात लिहावे लागेल असे मला कधी वाटले नव्हते. पण गेल्या वर्षी त्याच्या गळणाऱ्या केसांनी एक प्रश्न उभा केला, आणि तीस वर्षे व्याकरण शिकवूनही मला न उमगलेला एका क्रियापदाचा अर्थ त्या प्रश्नाने उलगडला. म्हणून हा लेखनप्रपंच.

2021 साली, टाळेबंदीच्या कंटाळ्यात, आमच्या चिरंजीवांनी लॅब्रॅडॉर जातीचे एक पिल्लू घरी आणले. नाव ठेवले ब्रूनो. माझ्या आईने पहिल्याच दिवशी त्याचे 'मोत्या' करून टाकले. पुढे चिरंजीव नोकरीनिमित्त पुण्याला गेले. तिथल्या भाड्याच्या जागेत कुत्र्याला मज्जाव. मोत्या आमच्याकडे राहिला, आणि त्याचे केसही राहिले. सतरंजीवर केस, माझ्या पॅन्टीवर केस, शाळेतल्या हजेरीपटातसुद्धा एकदा केस! सौ. सकाळ-संध्याकाळ झाडून थकली. दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस उरले असताना चव पाहायला म्हणून शेजारच्या बेनना करंजी दिली, तर तिच्यावर नेमका एक पिवळसर केस! त्या बिचाऱ्या हसून म्हणाल्या, "साहेब, वाळ खरे ए तो एनो स्वभाव छे." पण सौ.चा चेहरा उतरला तो उतरलाच.

त्या रात्री आम्ही दोघांनी ठरवले की आता पुरे. आईचे वय ऐंशीच्या घरात, तिला जुना दमा. तिच्या श्वासापुढे कुत्र्याचे काय एवढे? भिलाडच्या रस्त्यावर एका सूत-कारखान्याचे गोदाम आहे. तिथला रखवालदार ओळखीचा, स्वभावाने भला. त्याला रात्रीच्या सोबतीला कुत्रा हवाच होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मोत्याला रिक्षात घालून तिकडे पोचवून आलो. येताना मागे वळून पाहिले नाही. हे धैर्याने झाले असे म्हणवत नाही.

पुढची सकाळ. आठवीच्या वर्गावर शिक्षक रजेवर होते, म्हणून तास मी घेतला. विषय होता एकाच शब्दाच्या अर्थच्छटा. फळ्यावर शब्द लिहायचा म्हणून हात उचलला आणि नकळत लिहिले गेले, 'पाळणे'. मुले भराभर वाक्ये सांगू लागली. आम्ही कोंबड्या पाळतो. शिस्त पाळावी. वेळ पाळावी. दिलेला शब्द पाळावा. आजी सोवळे पाळते. एक मुलगी, जिच्या घरी गुजराती बोलतात, उभी राहून म्हणाली, "सर, गुजरातीतही तसंच आहे. वचन पाळवुं आणि कूतरो पाळवो. दोन्हीकडे एकच शब्द का?"

मी काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आज आठवत नाही. पण तास संपल्यावर कार्यालयात बसलो तेव्हा तो प्रश्न समोरच्या खुर्चीत बसलेला होता. आपल्या दोन्ही भाषांच्या पूर्वजांनी जनावर सांभाळणे आणि शब्द सांभाळणे यांत फरक केला नाही. याचा अर्थ, ज्या दिवशी पिल्लू उंबऱ्याच्या आत घेतले त्याच दिवशी तोंडाने न उच्चारलेले एक वचन दिले गेले. ते मोडताना आपण काही मोडतो आहोत हे मला जाणवलेसुद्धा नव्हते, कारण ज्याला वचन दिले त्याला ते बोलून मागता येत नाही.

मधल्या सुट्टीत गोदामावर गेलो. रखवालदाराने मोत्याला सावलीत बांधले होते, भाकर आणि पाणी जवळ ठेवले होते. "साहब, रात से मुँह नहीं लगाया," तो म्हणाला. त्याच्या वागण्यात तसूभर खोट नव्हती. पण बोलता बोलता कळले की त्याचे काम कंत्राटी, दोन महिन्यांनी तो कुठे असेल हे त्याचे त्यालाच ठाऊक नव्हते. म्हणजे मी मोत्याला एका भल्या माणसाच्या नव्हे, तर एका फाटकाच्या स्वाधीन केले होते. फाटक कोणाचा शब्द पाळणार?

त्याला घेऊन घरी आलो. आई ओसरीवर बसली होती. तिने आदल्या रात्रीपासून माझ्याशी बोलणे टाकले होते. ती एवढेच म्हणाली, "मला विचारलं होतंस? माझ्या दम्याचं निमित्त केलंत तुम्ही. खरं दुखणं करंजीवरच्या केसाचं होतं."

वाचकहो, हेडमास्तरला खोटे पकडण्याची सवय असते, पकडले जाण्याची नसते. मी गप्प बसलो.

त्यानंतर जे आधी करायला हवे होते ते केले, म्हणजे चौकशी. सिल्वासातल्या एका पशुवैद्यांनी मोत्याची कातडी, कान, पोट सारे तपासले. ते म्हणाले, केस सगळीकडून सारखे गळत असतील तर तो बहुधा ऋतूचा धर्म. मात्र कुठे टक्कल पडले, कातडी लाल झाली, कुत्रा सारखा खाजवू लागला, तर गोचीड, पिसवा, खरूज, अन्नाचे वावडे किंवा थायरॉइडचा दोष शोधावा लागतो. मोत्याला रोग नव्हता. या जातीचे मूळ उत्तर अमेरिकेतल्या न्यूफाउंडलंडच्या गार समुद्रात, कोळ्यांच्या होड्यांबरोबर. म्हणून अंगावर दोन थर, वर राठ केस आणि आत दाट लव. दिवस लहान-मोठा होऊ लागला की शरीर जुना थर टाकून नवा धरते. पण घरातल्या दिव्यांत आणि पंख्याखाली राहणाऱ्या कुत्र्याला ऋतू नीट कळत नाही, म्हणून तो थोडे थोडे केस बाराही महिने टाकत राहतो. "मग सगळे भादरून टाकू का?" मी विचारले. ते म्हणाले, "मुळीच नको. तोच थर त्याला उन्हापासूनही वाचवतो, आणि भादरलेले केस पूर्वीसारखे येतीलच असे नाही."

विचार करा. थंड मुलखातला जीव आपण हौसेखातर दमणगंगेच्या दमट काठी आणतो, दिव्याखाली ठेवतो, आणि मग त्याचे केस गळतात म्हणून त्याच्यावर रागावतो. यात गुन्हेगार कोण?

आईच्या डॉक्टरांचे म्हणणे तर आणखी बोलके निघाले. वावडे असते ते केसाचे नव्हे, तर कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांचे. केस फक्त ते वाहून नेतो. तेव्हा काळजी घेतलीच पाहिजे. पण दमेकऱ्याला कोरड्या झाडूने उडालेली धूळ, पावसाळ्यातली भिंतीवरची बुरशी आणि उदबत्तीचा धूर हेही बाधतात. आमच्या देवघरात रोज चार उदबत्त्या जळत होत्या. उदबत्तीला गोदामात पोचवा, असे घरात कोणी म्हणाले नव्हते.

महाभारताच्या आरंभीच एक कुत्रा आहे. जनमेजयाच्या सत्रात शिरलेल्या सरमेच्या पिल्लाला राजाचे भाऊ मारतात. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावलेले नसते, त्याकडे पाहिलेलेही नसते. सरमा एवढेच विचारते, की याचा अपराध कोणता? राजाच्या सभेत तिला उत्तर मिळत नाही. त्याच ग्रंथाच्या शेवटाकडे दुसरा कुत्रा आहे, ज्याला सोडून स्वर्गात यायला युधिष्ठिर नकार देतो. स्वर्गाच्या दारात त्या कुत्र्याचे केस गळत होते की नाही हे व्यासांनी नोंदवलेले नाही. पण एवढ्या लांबच्या वाटेने आलेला कुत्रा काही न्हाऊन-माखून आलेला नसणार. या दोन कुत्र्यांच्या मध्ये सगळे महाभारत घडते. निरपराध्याला दोष देण्यापासून आश्रिताला न सोडण्यापर्यंत माणसाला केवढे अंतर चालावे लागते!

कोणी म्हणेल, मास्तर, हे सगळे ठीक. पण उद्या आईचा श्वास खरोखरच कोंडू लागला तर? मी प्रामाणिकपणे सांगतो, तेव्हा आईच आधी. वचन पाळणे म्हणजे हट्ट धरणे नव्हे. पण त्या दिवशीही मोत्यासाठी माणसे असलेले घर शोधणे, त्याला तिथे रुळवणे, नंतर विचारपूस करणे हे कर्तव्य माझेच राहील. जागा बदलेल, जबाबदारी नाही. उपासमार आणि तहान यांच्या वाटेला प्राण्याला सोडून देणे हा 1960 च्या कायद्याने गुन्हा ठरवला आहे, आणि जीवमात्राविषयी दया हे 1976 च्या घटनादुरुस्तीपासून नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. मी हे कर्तव्य दरवर्षी मुलांकडून पाठ करून घेतो. पाठ करणे आणि पाळणे यांतले अंतर मला रिक्षाभाड्याच्या दराने कळले.

आता रोज सकाळी सहाला मी परसात बसून रबरी ब्रशाने मोत्याला दहा-पंधरा मिनिटे विंचरतो. अंघोळ वरचेवर नाही, आणि माणसांचा साबण तर नाहीच. जेवणात अधूनमधून उकडलेला मासा असतो. आईच्या खोलीत त्याला प्रवेश नाही. तिथली लादी ओल्या फडक्याने पुसतो, तिची अंथरुणे आठवड्याला गरम पाण्यात धुतो. उदबत्तीची जागा निरांजनाने घेतली आहे. केस गळायचे थांबले नाहीत, ते थांबणारही नाहीत. पण जमिनीवर पडण्याआधी बरेचसे ब्रशातच येतात. आई ओसरीवरून आमचा हा कार्यक्रम पाहत असते. परवा म्हणाली, "त्याचे गळतात ते पुन्हा येतात तरी. तुझ्या डोक्याचं काय?"

यंदाचा फराळ झाला आहे. करंज्या झाकून ठेवल्या आहेत. शेजारच्या बेनना पहिले ताट सौ.ने स्वतः नेऊन दिले. तरीही एखादा केस निघालाच, तर पाहुण्यांनी तो हलकेच बाजूला ठेवावा आणि आमच्या घरी एक शब्द पाळला जात आहे, असे समजावे.