चौथी संधी देणारा

ऋतुराज गायकवाडचे नाव निघाले की मागोमाग महेंद्रसिंग धोनीचे नाव येतेच. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावचा चौक असो की पुण्याचा कट्टा, निकाल ठरलेला: पोरगा धोनीच्या हाताखाली तयार झाला. २०२१च्या आयपीएलमध्ये ऋतुराजने ६३५ धावा काढून चोविसाव्या वर्षी ऑरेंज कॅप मिळवली, चेन्नई सुपर किंग्ज विजेता ठरला आणि हे मत पक्केच झाले. ऐकायला ते गोड आहे. पण त्यात एका मुलाच्या कित्येक वर्षांच्या कष्टांचे श्रेय परस्पर दुसऱ्याच्या नावावर चढते, आणि ज्येष्ठाने खरोखर जे केले तेही झाकले जाते. दोघांवरही हा अन्यायच आहे.

चेन्नईकडून पहिला सामना खेळण्याआधी ऋतुराजच्या पदरी काय होते? पिंपरी-चिंचवडच्या वेंगसरकर अकादमीत झालेली घडण होती. २०१६मध्ये महाराष्ट्राकडून रणजी पदार्पण आणि त्याच मोसमातल्या विजय हजारे स्पर्धेत ४४४ धावा होत्या. डिसेंबर २०१८च्या लिलावात चेन्नईने त्याला वीस लाखांना घेतले, पण २०१९चा अख्खा हंगाम तो राखीव खेळाडूंत बसून होता. तो हंगाम संपल्यावर लगेच, जूनमध्ये, बेळगावात भारत ‘अ’ संघाकडून त्याने श्रीलंका ‘अ’विरुद्ध नाबाद १८७ धावा ठोकल्या. शिवाय धोनी मधल्या फळीतला फलंदाज, ऋतुराज सलामीचा. नव्या चेंडूवर पुढच्या पायावर येऊन कव्हरमधून मारण्याची ऋतुराजची रीत धोनीच्या फलंदाजीत शोधूनही सापडणार नाही. ती महाराष्ट्रातल्या मैदानांवर घोटली गेली आहे.

तरीही आपले मन गुरूकडे झुकते, आणि हिंगोली जिल्ह्यात तर ते फारच स्वाभाविक आहे. नामदेवांचे जन्मगाव मानली जाणारी नरसी इथलीच, आणि ज्या विसोबा खेचरांचा त्यांनी उपदेश घेतला त्यांचे औंढा नागनाथही इथलेच. गोरोबाकाकांनी कच्चे ठरवलेले नामदेव औंढ्याला गेले, पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांना भेटले आणि पक्के होऊन परतले, ही कथा आपण कीर्तनांतून ऐकत आलो आहोत. ती नीट ऐकली तर काय दिसते? औंढ्याला जाण्याआधीच नामदेवांची भक्ती सर्वांना ठाऊक होती. विसोबांनी ती निर्माण केली नाही. एका मूर्तीपुरती अडकलेली ती भक्ती त्यांनी मोकळी केली. शिष्याजवळ जे आहे त्याच्या वाटेतला अडसर दूर करणे, हे गुरूचे काम आहे.

तरुण फलंदाजाच्या वाटेतला सर्वांत मोठा अडसर म्हणजे वगळले जाण्याची भीती. २०२०चे वर्ष आठवा. दुबईत पोहोचल्यावर ऋतुराजला कोरोना झाला आणि संघ सराव करत असताना तो विलगीकरणात अडकला. शारजात राजस्थानविरुद्ध अखेर तो मैदानात उतरला. समोर फिरकी गोलंदाज राहुल तेवतिया. आयपीएलमधला पहिलाच चेंडू, ऋतुराज पुढे सरसावला, चेंडू हुकला आणि संजू सॅमसनने बेल्स उडवल्या. शून्य. पुढच्या सामन्यात ५. मग तो संघाबाहेर गेला. त्याच काळात, तरुणांमध्ये हवी ती चमक दिसली नाही, अशा अर्थाचे धोनीचे विधान गाजले. ऑक्टोबरच्या अखेरीस ऋतुराज परतला आणि मुंबईविरुद्ध पुन्हा शून्यावर बाद झाला. तीन डावांत पाच धावा. चौथ्या सामन्यात तो तरीही खेळला. नाबाद ६५, ७२, नाबाद ६२ असे ओळीने तीन डाव त्यानंतर आले.

इथे कोणी म्हणेल, चेन्नईचा संघ तेव्हा स्पर्धेतून जवळपास बाहेर पडला होता, गमावण्यासारखे काही नव्हते, म्हणून संधी मिळाली. हा आक्षेप २०२०पुरता खरा आहे. पण २०२१मध्ये पहिल्या तीन डावांत त्याने ५, ५ आणि १० धावा केल्या. या वेळी विजेतेपद खुले होते आणि २००७चा ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकलेला रॉबिन उथप्पा बाहेर बसून होता. बदल करायला सबळ कारण होते, माणूसही तयार होता. धोनी आणि प्रशिक्षक स्टीफन फ्लेमिंग यांनी बदल केला नाही. वानखेडेवर कोलकात्याविरुद्धच्या चौथ्या डावात ६४ धावा निघाल्या, आणि पुढच्या ऑरेंज कॅपची वाट तिथून सुरू झाली.

हा धीर धोनीला कुठून आला असेल, हे कळायला त्याचीच सुरुवात पाहावी. डिसेंबर २००४मध्ये चितगावला पहिल्या एकदिवसीय सामन्यात तो पहिल्याच चेंडूवर धावबाद झाला. पुढचे तीन डावही किरकोळ गेले. एप्रिल २००५मध्ये विशाखापट्टणमला पाकिस्तानविरुद्ध कर्णधार सौरव गांगुलीने त्याला वगळण्याऐवजी तिसऱ्या क्रमांकावर बढती दिली आणि त्याने १४८ धावा केल्या. ज्याच्यासाठी अपयशानंतर कोणीतरी थांबले, तोच पुढे दुसऱ्यासाठी थांबतो. क्रिकेटमध्ये वारसा चालतो तो असा.

अर्थात संधी दिली की यश येतेच असे नाही. रमाकांत आचरेकर सरांच्या शारदाश्रमने फेब्रुवारी १९८८मध्ये दोन मुलांची ६६४ धावांची भागी पाहिली. सर एक, मैदान एक. सचिन तेंडुलकर २०० कसोटी खेळला, विनोद कांबळी १७. ज्येष्ठाचा सहवास म्हणजे परीसही नाही. २०२४मध्ये ऋतुराज कर्णधार झाला, यष्टींमागे धोनी होताच, तरी संघ निव्वळ धावगतीवर बाद फेरीला मुकला. २०२५मध्ये ऋतुराज कोपराच्या दुखापतीने बाहेर पडला, धुरा पुन्हा धोनीकडे आली आणि चेन्नई तळाला गेली. अनुभव सामने जिंकून देतोच असे नाही. पण तरुणाला घडायला लागणारा अवधी देणे अनुभवी माणसाच्या हातात असते, कारण त्याच्या शब्दाला संघात वजन असते.

म्हणूनच अवधी देण्याचा हा प्रश्न पुसेगावसारख्या गावाचा आहे. सोयाबीन निघाले, रान मोकळे झाले की आपल्याकडे टेनिस बॉलच्या स्पर्धा भरतात. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा सलामीला जातो, पहिल्याच षटकात उंच मारायला जाऊन झेल देतो. पुढच्या सामन्यात तो नवव्या क्रमांकावर, त्याच्या पुढच्या सामन्यात सीमारेषेबाहेर पाण्याच्या बाटल्या सांभाळत. प्रवेश फी वर्गणीतून भरलेली असते, बक्षीस डोळ्यांपुढे असते, तेव्हा मोठ्यांना धीर धरवत नाही. इथून पुणे चारशेहून अधिक किलोमीटरवर. तिथल्या निवड चाचणीपर्यंत पोचलेल्या मुलाला काही चेंडूंतच स्वतःला सिद्ध करायचे असते. ज्याला गावात दुसरी संधी मिळाली नाही, तो तिथे बॅट मोकळी सोडणार कशी?

आपण मात्र उणीव दुसरीकडेच शोधतो. इथे धोनी नाही, अकादमी नाही, म्हणून पोरे पुढे जात नाहीत, असे म्हणतो. चामड्याचा चेंडू, खेळपट्टी, प्रशिक्षक हे सारे हवेच आणि त्यासाठी भांडलेही पाहिजे. पण ते येईपर्यंत ज्या गोष्टीला पैसा लागत नाही, ती तरी आपण करावी. क्रीडाशिक्षकाने, जुन्या खेळाडूने, संघाच्या कर्णधाराने मोसमाच्या आधीच मुलाला सांगावे: चार सामने तुझे, पहिल्या तिनांत काहीही झाले तरी चौथा तुझाच. आणि हरल्यावर गावाने जाब विचारला तर तो स्वतःच्या अंगावर घ्यावा. यात ज्येष्ठाचे नुकसान होऊ शकते, एखादी स्पर्धा हातची जाऊ शकते. तेवढी झळ सोसायची तयारी नसेल, तर मुलगा मोठा झाल्यावर त्याच्या यशात वाटा मागण्याचा अधिकारही आपल्याला नाही.

ऋतुराजच्या धावा ऋतुराजच्याच आहेत. तीनदा अपयशी ठरूनही त्याचे नाव संघाच्या यादीत ठेवणे, हे धोनीचे मोठेपण. एवढे करायला विश्वचषक जिंकलेला असावा लागत नाही. सेनगाव तालुक्यातल्या कुठल्याही संघाचा कर्णधार ते याच मोसमात करू शकतो.