वांगासाठी दूध तोडू नकोस

चंद्रपूर

चि. सौ. छकुलीस,

गालावर वांग उठला, पार्लरवालीने क्रीमची डबी दिली आणि वर 'दोन महिने बाळाला वरचं दूध द्या' म्हणाली, हे सगळं तू फोनवर एका दमात सांगितलंस. तिचा तो दुधाचा सल्ला आधी टाकून दे. चार महिन्यांच्या लेकराचं अंगावरचं दूध तोडावं एवढं मोठं हे दुखणं नाही. गरोदरपणातल्या संप्रेरकांनी वांग येतो आणि बाळंतपणानंतर पुष्कळ जणींचा काही महिन्यांत आपसूक फिका पडतो. त्याला जागतं ठेवतं ते ऊन. आलापल्लीचं ऊन मी सांगायला नको, त्यात तू मोह वेचायला जाणार, मग तेंदूपानं. डोक्यावरून पदर पुढे ओढ आणि झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन लाव. झिंक कातडीवरच राहतं, दुधाला त्याची भीती नाही.

डबीचा फोटो मात्र मी दोनदा मोठा करून पाहिला. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, आत काय आहे ते नाही, बॅच नंबर नाही. आहे ती एकच सूचना: सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका. माझ्या पोटात गोळाच आला. सोन्याला लगेच धरतो तो पारा! कातडीत रंग तयार होण्याचं काम तो अडवतो, म्हणून चेहरा झटपट उजळतो आणि बाई खूश होते. पण तोच कातडीतून रक्तात, तिथून मूत्रपिंडात आणि दुधातही उतरतो. तुझ्या गालाला गाल घासणाऱ्या बाळाला तर दुधाचीही वाट पाहावी लागत नाही. आपल्याकडच्या 2020 च्या नियमांप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा नकळत आला तरी दहा लाखांत एका भागापलीकडे चालत नाही.

अकोल्याचं प्रकरण तुझ्या कानावर आलं नसेल. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने ब्यूटिशियनकडचं क्रीम आणलं, रंग उजळला, म्हणून आई आणि बहिणीनेही लावलं. 2022 साली तिघींचीही मूत्रपिंडं बिघडली. मुंबईच्या केईएममध्ये तपास झाला, तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला.

मेडिकलमधून उचललेली ट्यूबही तशीच नको. वांगाच्या नावाखाली जी मिळते तिच्यात बहुधा स्टेरॉइड, ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन एकत्र असतात. हायड्रोक्विनोन लावलं की त्यातलं बरंच अंगात मुरतं, म्हणून पाजतेस तोवर ते नको. स्टेरॉइडने कातडी पातळ होते, लाल पडते, आणि सोडलं की चेहरा पेटतो. गोरं करणारी ग्लुटाथायोनची सुई आणि मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या यांचं तर नावच काढू नकोस.

मग लावायचं काय? डॉक्टरांना अझेलिक अ‍ॅसिडबद्दल विचार. वांगालाही चालतं, मुरुमांनाही, आणि अंगात फार थोडं जातं. बाळाला निजवून लावायचं, हात धुवायचे, छातीच्या आसपास काही न्यायचं नाही. भुवया कर, फेशियल कर, कोण अडवतंय? लेसरचा उजेड दुधात जात नाही, पण सावळ्या कातडीवर त्यानेच नवे डाग उठू शकतात, शिवाय अंगभर बधिर करायचं मलम थापतात ते नको. तेव्हा लेसर पुढे ढकल. पोटावरच्या पट्ट्यांना मोहाचं तेल चोळलंस तर खाज कमी होईल. पट्टे जातील अशी आशा कुणी दाखवली तर हसून सोड.

लग्नसराईत साधी मेंदी हातावर खुशाल काढ. काळी नको, तिच्यात केसांच्या कलपाचं रसायन असतं. बाळाच्या तळपायांना मात्र साधी मेंदीसुद्धा लावू देऊ नकोस, आजीने कितीही हट्ट धरला तरी. काही बाळांत जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची जन्मजात कमतरता असते. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मेंदीने फुटतात आणि कावीळ होते.

डबी किती दिवस लावलीस ते खरं सांग, मी रागावणार नाही. ती चुलीत टाकू नकोस, पाऱ्याची वाफ घरभर होते. दोन पिशव्यांत घट्ट बांध, उंचावर ठेव. क्रीमचे हात पुसलेले टॉवेल, उशीचे अभ्रे बाळाच्या कपड्यांपासून वेगळे काढ. या आठवड्यात अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयात जा, डबी सोबत ने आणि लघवीतल्या पाऱ्याच्या तपासणीबद्दल विचार. त्यांनी चंद्रपूरला पाठवलं तर सरळ माझ्याकडे उतर.

तुझी मावशी