शंकासमाधान : पिंडापुढचं बोलणं

शंका : माझे वडील गेले. दशक्रियेला भावाने सगळ्या विधींचं मोबाइलवर चित्रीकरण केलं. कावळा शिवेना, तेव्हा एकेक जण पुढे होऊन काही ना काही बोलला. मी म्हटलं, "अण्णा, आईला मी सांभाळीन, काळजी करू नका." मग कावळा शिवला. संध्याकाळी हे सगळं भावाच्या स्टेटसवर आणि नात्यातल्या ग्रुपवर! आता आत्या, मावश्या फोन करून विचारतात, "आई तुझ्याकडे कधी येणार? जावईबापूंना चालेल ना?" भाऊ म्हणतो, परदेशातल्या काकांना दिसावं म्हणून केलं, त्यात काय बिघडलं? अण्णांच्या आत्म्याला याचा क्लेश होत असेल का? आणि असं चारचौघांत गेलेलं वचन पाळायचं बंधन राहतं का?
— एक भगिनी, वाई

समाधान : आत्म्याला काय वाटतं ते मला ठाऊक नाही. ठाऊक आहे असं सांगून शांतीचा खर्च काढून देणारे भेटतील, त्यांच्यापासून जपा.

आधी भावाची बाजू. मरण आपल्याकडे कधीच फक्त घरातलं नव्हतं. वर्दी द्यावी लागते, खांद्याला माणसं लागतात, सुतक कोणाकोणाला हे बघावं लागतं. परदेशातल्या सख्ख्या भावाला येणं जमलं नाही, म्हणून त्याला फोनवरून घाट दाखवला, तर त्यात मला काही वावगं दिसत नाही. पण काकांना दाखवणं वेगळं आणि स्टेटसला लावणं वेगळं. स्टेटस दूधवाल्यापासून साहेबापर्यंत ज्याचा-त्याचा नंबर साठवलेला असतो तो बघतो, आणि बघता बघता पुढच्या माणसाच्या सहलीच्या फोटोंवर सरकतो.

त्यातून काकस्पर्शाचा क्षण तर फारच नाजूक. कावळ्यावर तुमचा विश्वास असो-नसो, त्या घटकाभरात जे घडतं ते मी अनेक घाटांवर पाहिलं आहे. वर्षानुवर्षं न बोललेली माणसं भाताच्या गोळ्यापुढे हात जोडून बोलतात. बांधाचा वाद मिटवतो, धाकटीचं लग्न करून देतो, तुमच्या माघारी घर मोडू देणार नाही. बाकीचे ऐकतात, पण ऐकूनही ऐकलं नाही असं वागायचं हा तिथला अलिखित रिवाज. कॅमेऱ्याला तो रिवाज पाळता येत नाही. आणि एकदा चित्रीकरण होतं हे कळलं की पुढच्या दहाव्याला कोण मोकळं बोलेल? कोणी निभावणार नाही एवढं कबूल करून बसेल, कोणी गप्पच राहील. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतील आणि मंडळी घरी जातील.

वचनाचं बंधन आहे, पूर्ण आहे. ते तुम्ही वडिलांना दिलंत. आत्यांनी ऐकलं म्हणून ते वाढलं नाही, ऐकलं नसतं तरी कमी झालं नसतं. आत्या-मावश्यांना मात्र त्यात काही देणं लागत नाही. "आमचं आम्ही ठरवू, आत्या," एवढं पुरे. मला खटकतं ते दुसरंच. आई कुठे राहणार याची चर्चा सगळ्या नात्यात चालू आहे, आणि तुमच्या पत्रात आईचं म्हणणं एका ओळीतही नाही. तिला विचारलंत का?

त्या चित्रफितीत आईही असणार, दहा दिवसांच्या रडण्याने सुजलेल्या चेहऱ्याची. बाईचं दुःख उघड्यावर मांडायची सवय काही मोबाइलने लावलेली नाही. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं हे सगळं गर्दीसमोरच चालत आलं. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथांच्या बंदीचा ठराव केला, तेव्हा कुठे बऱ्याच जणांना त्यातलं क्रौर्य दिसलं. भावाला हे सांगा. स्टेटस चोवीस तासांत आपोआप गेलं असेल. ग्रुपवरचं मात्र पडून राहतं आणि ज्यांनी उतरवून घेतलं त्यांच्याकडेही राहतं. त्यांना भावानेच विनंती करावी, तुम्ही नव्हे. उपसलं त्याने, निस्तरायचं त्यानेच.

शंका : आमचं मंडळ दर वर्षी एका बालगृहात दप्तरं आणि चादरी वाटतं. या हाताचं त्या हाताला कळू नये असं शास्त्र म्हणतं, पण देणगीदार वाटपाच्या फोटोशिवाय पैसे सोडत नाहीत. काय करावं?
— एक कार्यकर्ता, नाशिक

समाधान : शास्त्राचा कल तुमच्याच बाजूने आहे. बोलून दाखवल्याने दानाचं पुण्य सरतं असं मनुस्मृतीत आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अदंभित्व सांगताना पेरलेलं बी मातीआड करणाऱ्या शेतकऱ्यासारखं दानपुण्य झाकावं, असा दाखला येतो.

पण लोक काय करत आले तेही पाहा. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणीच्या लेखात यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापणांचे आकडे कोरलेले आहेत. ही राणी नागनिका असं मानतात. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांब देणाऱ्यांची नावं त्या-त्या खांबावर आहेत. त्यांत धेनुकाकटचे यवनही आहेत. दोन हजार वर्षं झाली तरी त्यांना कोणी दांभिक म्हणत नाही. मीही म्हणत नाही. देणाऱ्याने स्वतःचं नाव मिरवलं, तर हिशेब त्याच्या पुण्याचा, तो त्याने बघावा. खांबावर नाव आपलं कोरलं जातं, समोर हात पसरून उभ्या असलेल्याचा चेहरा नव्हे. तुमच्या फोटोत ते पोर आहे. दप्तर घेताना त्याला "इकडे बघ, हस" असं सांगितलं जातं. "नको" म्हणायची सोय त्याला नाही, कारण दप्तर हवं आहे.

शिवाय तुमच्या बाबतीत हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्नच नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५च्या कलम ७४ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, शाळा, छायाचित्र प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. बालगृहातली मुलं यात येतात. देणगीदारांना हे कलम दाखवा. पुण्याच्या गोष्टींपेक्षा ते लवकर पटेल. आणि त्यांना हिशेब हवा असेल तर तो त्यांचा हक्कच आहे. खरेदीची पावती, बालगृहाची सही-शिक्क्याची पोच, रचलेल्या दप्तरांचा फोटो द्या. एवढ्यावर जो पैसे अडवेल त्याला दप्तरं द्यायची नव्हतीच.

शंका : यजमान निवृत्त आहेत. लग्नाच्या वाढदिवसाला सोसायटीच्या ग्रुपवर माझ्याबद्दल दोन पानं लिहितात, "गृहलक्ष्मी" काय, "जीवनाचा आधार" काय! घरात मात्र दिवसभर "चहा" आणि "चष्मा" एवढेच शब्द. हा दंभ म्हणायचा का?
— एक गृहिणी, ठाणे

समाधान : दंभ कशाला, बहुधा संकोच असेल. त्या पिढीतल्या कित्येक पुरुषांना शेजाऱ्यांसमोर बोलता येतं, बायकोसमोर नाही. ग्रुपवर उत्तर देऊ नका, अंगठाही उमटवू नका. संध्याकाळी चष्मा मागतील तेव्हा तो हातात द्या आणि म्हणा, "जे लिहिलंय ते मला वाचून दाखवा." पहिल्या परिच्छेदापुढे गेले नाहीत तरी चालेल.